खारे बांगडे आणि देवावरचा भरवसा

मडगावजवळ राहणाऱ्या ४६ वर्षांच्या एका भगिनीचं पत्र आलंय. ख्रिस्ती घराणं, मूळचं नगर जिल्ह्यातलं. आजेसासरे रेल्वेच्या नोकरीसाठी वास्कोला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कोंकणी. यजमान १४ वर्षं कुवेतला होते. २०२१ मध्ये तिथे कोविडने हॉस्पिटलात एकटे पडलेले असताना त्यांनी देवाला शब्द दिला, ‘यातून वाचलो तर जे आहे ते तुझं.’ दोन वर्षांपूर्वी ते परत आले आणि आता दुचाकींचं छोटं गॅरेज चालवतात. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ७४ वर्षांच्या सासूबाई इन्सुलिनवर आहेत. गाठीला २२ लाखांची मुदतठेव आणि लग्नानंतर घेतलेला एक प्लॉट. यजमान हल्ली एका नव्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती उपासना समूहात, जातात. तिच्या प्रार्थनागृहाला १० लाख द्यायचे आणि पुढे प्लॉटही विकायचा, असं त्यांनी ठरवलंय. आरोग्यविम्याचा हप्ता ९ जुलैला भरायचा होता, तो त्यांनी भरू दिला नाही. ‘विमा म्हणजे देवावर भरवसा नाही असं लिहून देणं,’ हे त्यांचं म्हणणं. बाईंनी तोंड उघडलं की त्या ‘अल्पविश्वासी’ ठरतात. घाबरून त्यांनी शिवणकामाचे आणि घरखर्चातून वाचवलेले १ लाख ८० हजार बहिणीच्या नावावर ठेवलेत. नवऱ्याला ते माहीत नाही. त्या विचारतात, ‘माझाच विश्वास कमी आहे का? आणि प्लॉटच्या कागदावर सही मागतील तेव्हा मी काय करू?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात देव आहे, मंडळीचे पाळक म्हणजे धर्मगुरू आहेत, बँक आहे, सासूबाईंच्या सुया आहेत. पण मी अडखळले ती शेवटच्या पानावरच्या एका ओळीपाशी. तुम्ही ती सहज लिहून गेलात: ‘यंदा पुरुमेंताच्या फेस्ताला दोघं गेलो होतो, खारे बांगडे ह्यांनीच एकेक उलटून बघून घेतले.’

हे फेस्त ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मे-जूनच्या सुमारास मडगावच्या होली स्पिरिट चर्चचं फेस्त, म्हणजे सण, येतो, पवित्र आत्म्याचा. त्या निमित्ताने जो बाजार भरतो त्यात लोक पावसाळ्याची बेगमी करून घेतात. सुक्या मिरच्या, सोलं, चिंच, कांद्याच्या माळा, सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे. पुढे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर बंद असतात, ताज्या मासळीचं काही खरं नसतं. पुरुमेंत हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय आणि त्याचा अर्थ तरतूद. म्हणजे आत पवित्र आत्म्याची मिस्सा आणि बाहेर खारवलेल्या मासळीचा वास, हे दोन्ही एकाच दिवशी, एकाच पायरीच्या अल्याड-पल्याड. ‘बांगडे घेताय म्हणजे आषाढात देव तुम्हाला उपाशी ठेवील असं वाटतंय का?’ असं कुणी पाद्रीने पायरीवर उभं राहून विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता मला सांगा, तुमच्या यजमानांनी बांगडा उलटून का पाहिला? पोटाच्या बाजूला मीठ नीट लागलेलं नसलं तर बरणीत तो मऊ पडतो, वास मारतो, आणि जुलैत बरणीच टाकावी लागते. हे त्यांना कळतं. गॅरेजमध्ये कुणाची गाडी हातात घेतली की आधी ब्रेक दाबून बघत असतील. हाच माणूस विम्याच्या कागदापाशी येऊन ‘हे अविश्वासाचं’ म्हणतो, तेव्हा त्याला शहाणपण नाही असं मानायला माझं मन घेत नाही. तिथे दुसरंच काही दुखत असणार. त्याकडे येते.

आधी तो शब्द, अल्पविश्वासी. तो येशूचाच आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला: रानातली फुलं पाहा, आकाशातली पाखरं पाहा, उद्याची काळजी करू नका. मी लहानपणापासून तो उतारा ऐकत आलेय, आणि त्यात ‘पेरू नका’ असं कुठे म्हटलेलं मला सापडलेलं नाही. पाखरं पेरत नाहीत एवढंच म्हटलंय. रात्री दोन वाजता छताकडे बघत जी काळजी करतात, मनाचे दोन तुकडे करणारी, ती सोडा म्हणून तो सांगतो. त्याच्या स्वतःच्या मंडळींकडे पैशांची थैली होती. योहान लिहितो, ती यहूदाकडे असायची, ज्याने पुढे त्याला दगा दिला. (कुणाच्या हातात दिली होती हा भाग वेगळा, पण थैली होती.) आणि लूकच्या आठव्या अध्यायात योहान्ना, सुसान्ना अशा बायकांची नावं आहेत, त्या आपल्या जवळच्या पैशांतून या सगळ्यांचा खर्च चालवत. पैशाचं भान असलेल्या बाईला त्या घोळक्यात कुणी अल्पविश्वासी म्हटलं नाही.

उलट मंदिराच्या कळसावरचा प्रसंग आठवा. ‘खाली उडी टाक, देवदूत झेलतील,’ असं सांगणारा तिथे सैतान आहे, आणि तोही स्तोत्रसंहितेतलं वचन तोंडपाठ म्हणून दाखवतो. येशूचं उत्तर एका ओळीचं: देवाची परीक्षा पाहू नको. विमा काढला म्हणून कुणी कमी ख्रिस्ती होत नाही, न काढणारेही देवाचे असतात. पण तुमच्या यजमानांसारख्या, ब्लडप्रेशर आणि साखर दोन्ही असलेल्या माणसाने, घरात एक म्हातारी आणि एक शिकणारी पोर असताना, चालू असलेला विमा केवळ सिद्ध करून दाखवण्यासाठी बंद पाडला, तर मला तो कळसच आठवतो.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, ही तर माझ्याच बाजूची आहे. थोडं थांबा.

आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याला दोन नावांनी हाक मारायच्या: ‘मालक’ किंवा ‘कारभारी’. माझी नगरकडची आजी ‘कारभारी’ म्हणायची, आणि आजोबा तिला ‘कारभारीण’. गंमत अशी की मराठी पवित्र शास्त्रात हाच शब्द आहे. कारभारी म्हटला की तो विश्वासू असायला हवा, असं पौल करिंथकरांना लिहितो. लूकच्या सोळाव्या अध्यायात मालक कारभाऱ्याला बोलावून म्हणतो, तुझ्या कारभाराचा हिशेब दे. तुमच्या यजमानांनी ‘जे आहे ते तुझं’ म्हटलं तेव्हा ते मालकपण सोडून कारभारी झाले, हे बरोबरच झालं. पण धन्याचा माल कारभारी पहिल्या मागणाऱ्याच्या ओंजळीत ओतून मोकळा होत नसतो. त्याला विचार करावा लागतो, हिशेब ठेवावा लागतो, आणि तुमच्या घरात कारभारीणही आहे.

आता कारभारणीकडे. येशूने सांगितलेल्या तालांतांच्या गोष्टीत धनी तीन चाकरांकडे पैसा सोपवतो, आणि तिसरा चाकर जमीन खणून धन्याची चांदी पुरून ठेवतो. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी; जवळजवळ २० वर्षांची कमाई त्याने मातीत घातली. का, तर तो स्वतःच सांगतो: ‘मी भ्यालो.’ ताई, बहिणीच्या नावावरचे ते १ लाख ८० हजार मला तसे पुरलेले वाटतात. तुम्ही त्याला तरतूद म्हणता. पण तरतूद स्वयंपाकघरातल्या फळीवर असते, सगळ्या घराला ती बरणी दिसते. ही तुमची पळवाट आहे, आणि ती तुम्ही का शोधलीत हे मला कळतंय. चौदा वर्षं तुम्ही एकटीने घर ओढलंत, पैसा यायचा पण माणूस नसायचा, आता माणूस आलाय आणि पैसा जायला निघालाय. भीती वाटणारच. पण त्यामुळे एकाच छताखाली दोन वह्या झाल्यात: एक त्यांची, देवाच्या नावाने, तुम्हाला न विचारता लिहिलेली; दुसरी तुमची, बहिणीच्या नावाने, त्यांना न सांगता. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायातलं हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं जमीन विकून काही पैसे गुपचूप ठेवून घेतं आणि मरून पडतं; ती गोष्ट लोक देणगी मागताना धाक घालायला वापरतात, तशी मी वापरणार नाही. त्यात पेत्र काय म्हणतो तेवढं वाचा: जमीन विकण्याआधी तुझीच होती ना, विकल्यावर पैसेही तुझेच होते ना? सगळं दिलं नाही म्हणून तो रागावत नाही. त्याचा राग लपवण्यावर आहे.

यजमानांचं काय दुखत असेल, ते आता. परक्या देशात, मास्क लावून, दरवाजाच्या काचेतून दिसणाऱ्या नर्सशिवाय कुणी नाही, अशा खोलीत एक माणूस देवाशी बोलला आणि वाचला. तुम्ही तेव्हा इथे होतात. ती खोली तुम्ही पाहिलेली नाही, आणि बहुधा त्यांनीही कुणाला नीट सांगितलेली नाही. त्या नव्या मंडळीत त्यांना साक्ष द्यायला उभं केलं असेल, लोकांनी ऐकलं असेल. घरात ते कुणी ऐकलंय का? १० लाखांच्या आकड्याला विरोध करायच्या आधी त्यांना एकदा त्या खोलीबद्दल विचारा. पैशाचं नाव काढू नका त्या दिवशी.

मग शब्द दिलाय त्याचं काय? शब्द पाळायचा असतो, आपल्याकडे नवस फेडणारा हिंदू शेजारी असो की जुन्या गोव्याला चालत जाणारा कॅथलिक, सगळे हेच मानतात. पण हे बघा, जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात नवसाचे दर ठरवून दिलेत आणि आठव्या वचनात सूटही आहे: नवस करणाऱ्याला तेवढं झेपत नसेल तर याजकाने त्याची ऐपत बघून रक्कम ठरवावी. हजारो वर्षांपूर्वीच्या नियमशास्त्राला माणसाची ऐपत कळत होती. आणि मार्कच्या सातव्या अध्यायात येशू ज्यांच्यावर संतापतो ते लोक काय करत होते? आईबापांच्या पोटाला लागणारा पैसा ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेला, असं म्हणून मोकळे होत होते. सासूबाईंची इन्सुलिन तुमच्या त्या मुदतठेवीच्या व्याजातून येते असं तुम्हीच लिहिलंय. तीमथ्याच्या पत्रातही घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल फार कडक शब्द आहेत, विश्वास नाकारल्यापर्यंतचे. मी एवढी कडक होणार नाही. पण तो शब्द पुन्हा बघा: तरतूद. पुरुमेंत.

‘शंभरपट परत मिळेल’ हे जे पाळक म्हणतात, ते वचन मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे खरं. त्याच वाक्यात ‘छळणुकीबरोबर’ असंही आहे, ते कुणी फलकावर लिहीत नाही. आणि शंभरपटीच्या आशेने दिलं तर त्याला दान म्हणायचं की व्याजाने लावलेला पैसा, हे यजमानांनी स्वतःशी ठरवावं.

किती द्यावं हे मी सांगणं बरं नाही, पण एक चित्र देते. येत्या ५ ऑगस्टला राय गावात कणसाचं फेस्त आहे. नव्या भाताची पहिली कणसं कापून चर्चमध्ये आशीर्वादाला जातात. उरलेलं शेत पिकतं, घरात येतं, त्यातलं बी बाजूला राहतं. जुन्या करारातला दशमांशही असाच, शेताच्या उत्पन्नावर होता, शेतावर नव्हता; आणि ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातल्या लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायचा. कणसं वेदीवर जातात, बियाण्याची कणगी कुणी उचलून नेत नाही. मुदतठेव म्हणजे खरं तर शेत, उत्पन्न नव्हे; तरी सगळ्या २२ लाखांचा दशांश धरला तरी २ लाख २० हजारच होतो. बोलणं तिथून सुरू करता येईल. कदाचित त्याहून कमीवर थांबेल, कदाचित मुलीची फी भरून झाल्यावर दरवर्षी थोडं असं ठरेल. आणि सगळं एकाच इमारतीत का? हॉस्पिटलातून वाचलेल्या माणसाचा उतराई होण्याचा मार्ग गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलाच्या) आवारात बसलेल्या, बाहेरगावच्या नातेवाइकांच्या जेवणातही असू शकतो. हे माझं मत झालं.

प्लॉटच्या सहीबद्दल. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेली पद्धत अजून चालते: लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, निम्मी-निम्मी, आणि स्थावर मालमत्ता विकायला किंवा दान द्यायला दोघांचीही संमती लागते. शिवाय माणसाच्या हिश्शातला निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो, तो मनाला येईल तसा देऊन टाकता येत नाही. तुमचं लग्न इथे नोंदलंय, पण घराणं बाहेरून आलेलं, म्हणून हे तुम्हाला नेमकं कसं लागू होतं ते कागद घेऊन एखाद्या वकिलाला एकदा विचारा. हे सगळं मी यजमानांवर उगारायला सांगत नाहीये. सांगतेय ते तुमच्यासाठी. जिची निम्मी मालकी आहे तिने चोरून का ठेवावं? पटलं नसेल तर सही करू नका, आणि का करत नाही ते तोंडावर, शांतपणे सांगा. ‘प्रार्थना करून सांगते’ असं म्हणून दिवस ढकलू नका, तेही एक लपवणंच आहे.

मंडळीला काही प्रश्न विचारायचा तुम्हा दोघांनाही हक्क आहे. प्रार्थनागृह कुणाच्या नावावर होणार, ट्रस्टच्या की माणसाच्या? ट्रस्ट नोंदणीकृत आहे का? पैसे बँकेच्या खात्यात जातात का, पावती मिळते का, हिशेब दरवर्षी तपासला जातो का, चेकवर दोन सह्या असतात का? आमचे बाबा बरीच वर्षं मंडळीचे खजिनदार होते. रविवारी उपासना संपली की बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात दानार्पण ओतायचं आणि टेबलावर मोजायचं. पण दुसरा माणूस आल्याशिवाय बाबा त्या डब्याचं झाकण उघडायचे नाहीत. एकदा तो दुसरा माणूस कुणाला तरी स्टेशनवर सोडायला गेला आणि आम्ही दीड तास त्या बंद डब्याकडे बघत बसलो. घरी सुंगटाची कढी निवत होती. मी कुरकुरले तर बाबा म्हणाले, ‘पौलसुद्धा एकटा पैसे नेत नव्हता.’ खरंच, करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात वर्गणी पोचवताना त्याने बरोबर माणसं घेतलीत, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. हे प्रश्न विचारल्यावर तुमचे पाळक खूश झाले तर उत्तम. ‘अविश्वास’ म्हणाले, तर यजमानांनाच काहीतरी कळेल. तुम्ही वेगळं बोलायची गरज नाही.

आता तारखांचं. विम्याचा हप्ता चुकल्यावर वार्षिक पॉलिसीला सहसा ३० दिवसांची सवलत असते. ९ जुलैचे ३० दिवस ८ ऑगस्टला भरतात. ते उलटले तर जुन्या पॉलिसीचं सगळं पुण्य गेलं: नवीन काढताना आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून मोजतात, २०२४च्या नियमांनुसार ती ३ वर्षांपर्यंत असू शकते. सवलतीच्या दिवसांतही हप्ता भरेपर्यंत खर्च मिळेलच असं नाही, ते पॉलिसीत बघा. सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे, गोव्यात ५ वर्षं राहिलेल्यांना. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना ४ लाखांपर्यंत. तुमच्या कार्डावर कुणाकुणाची नावं आहेत ते काढून बघा, यजमान कुवेतला असताना केलं असेल तर त्यांचं नाव राहून गेलेलं असू शकतं.

यजमानांना विम्याचं कसं सांगायचं असं तुम्ही विचारलंत. ‘एकमेकांची ओझी वाहा’ हे गलतीकरांतलं वचन त्यांना आवडतं ना? हजारो माणसं थोडं थोडं टाकतात आणि ज्याच्यावर वेळ येते त्याचं बिल त्यातून भरतं. ज्या वर्षी तुम्ही धडधाकट राहिलात त्या वर्षी तुमचा हप्ता कुणा अनोळखी माणसाच्या ऑपरेशनला गेला. बाकी वाद घालू नका, जेवताना बरणीतला बांगडा भाजून वाढा.

आणि हप्ता भरायला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न आहेच, कारण मुदतठेव त्यांच्या नावावर आहे. तुमच्याकडे १ लाख ८० हजार आहेत. आज बहिणीला फोन करा, ते तुमच्या खात्यावर परत घ्या, आणि पासबुक यजमानांच्या पुढ्यात ठेवा. रागावतील. एक-दोन दिवस बोलणारही नाहीत कदाचित. तरी ८ तारखेच्या आधी.